सोने आणि सूत : जपानी अक्षरांचा सुरती ओनामा

‘सुरत सोनानी मूरत’ ही म्हण सुरतेत दोन-चार पिढ्या काढलेल्या मराठी घराला समजावून सांगावी लागत नाही. गोपीपुऱ्यातल्या जुन्या बिऱ्हाडांपासून उधना-लिंबायतच्या खानदेशी वस्तीपर्यंत सगळ्यांना ती पाठ आहे. यंदा ती आठवली ती वेगळ्याच कारणाने. आपल्या ओळखीच्या चार घरांतली मुले सध्या जपानी शिकत आहेत. कुणी डिप्लोमा करून, कुणी नर्सिंग करून. भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांसाठी जानेवारी २०२१ मध्ये करार झाला. त्या वाटेने जायचे तर हाताच्या कामाची परीक्षा द्यावी लागते आणि भाषेचीही, पाच श्रेणींपैकी चौथ्या श्रेणीची किंवा तिच्या तोडीची. आई-वडील फी भरतात, मुले दोन महिने उत्साहाने जातात आणि ‘कांजी’पाशी आली की पाय अडखळतात. आपल्याला कांजी म्हटले की कपड्याची नाहीतर मागावरच्या ताण्याची खळ आठवते. ही कांजी वेगळी. ‘कान’ म्हणजे चीनचे हान, ‘जी’ म्हणजे अक्षर. हानांकडून आलेले अक्षर.

शाळेत जाणाऱ्या जपानी मुलाला पहिल्या इयत्तेत अशी ८० अक्षरे शिकवतात, प्राथमिकच्या सहा वर्षांत १,०२६. रोजच्या व्यवहारासाठी सरकारने ठरवलेली यादी २०१० पासून २,१३६ अक्षरांची आहे. आकडा ऐकून घाबरायला होतेच. पण त्या पहिल्या ८० मध्ये दोन अक्षरे अशी आहेत की ती सुरतेच्या माणसाने आधी शिकावीत असे आम्हाला वाटते. एक सोने, दुसरे सूत. या दोन अक्षरांच्या मागे मागे गेले तर जपानचा आणि आपल्या या गावाचा जवळजवळ चारशे वर्षांचा संबंध हाती लागतो. परीक्षेच्या पुस्तकांत तो नसतो, म्हणून येथे लिहीत आहोत.

त्याआधी थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण हा अंक गणपतीचा आहे.

जपानी मुले कांजीच्या आधी ‘काना’ ही ध्वनिलिपी शिकतात. तिचा क्रम मोठ्याने म्हणून पाहा. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ऐकताना आपली बाराखडी कुणीतरी परक्या तोंडाने म्हणत आहे असे वाटते, आणि तसेच आहे. ‘क’नंतर आपल्याकडे ‘च’ येतो, त्यांच्याकडे ‘स’, कारण त्यांच्या जुन्या ‘स’चा उच्चार ‘च’-‘त्स’च्या जवळ होता. ‘न’नंतर आपला ‘प’ वर्ग येतो, त्यांचा ‘ह’, कारण त्यांचा ‘ह’ फार पूर्वी ‘प’ होता. हा क्रम संस्कृत वर्णमालेचा आहे आणि तो बौद्ध भिक्षूंनी नेला. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू इ. स. ७३६ मध्ये जपानला पोहोचला आणि ७५२ मध्ये नारा येथील महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाचा विधी त्याच्या हातून झाला. पुढे ८०६ मध्ये कूकाई हा जपानी आचार्य चीनहून परतला, तो संस्कृत मंत्र लिहिण्याची ‘सिद्धम्’ लिपी बरोबर घेऊन. वर्णमालेच्या डोक्यावर ‘सिद्धम्’ हा मंगलशब्द लिहायची पद्धत होती, त्यावरून लिपीलाच ते नाव पडले. आपल्याकडे धुळपाटीवर ‘श्रीगणेशा’ झाला की ‘ओनामासिधं’ गिरवत. ‘ॐ नमः सिद्धम्’चे ते बालरूप, आणि ‘ओनामा’ म्हणजे सुरुवात हा अर्थ त्यातूनच आला. जपानी मंदिरांत गणपती ‘शोतेन’ किंवा ‘कांगितेन’ या नावाने आहे आणि त्याचे बीजाक्षर सिद्धम् लिपीत ‘गः’ असे आजही लिहितात. तोक्योच्या आसाकुसा भागातल्या मात्सुचियामा येथील त्याच्या मंदिरात नैवेद्याला पांढरा मुळा वाहतात. मुळ्याचे कारण काय, हा वेगळ्या लेखाचा विषय. आपण सोन्याकडे वळू.

‘सोने’ या अक्षराला आठ रेघा. प्रथम घराचे छप्पर काढावे: माथ्यापासून डावीकडे उतरणारी रेघ, मग उजवीकडे उतरणारी. छपराच्या आत एक आखूड आडवी रेघ, तिच्याखाली थोडी लांब आडवी. मग मधोमध वरून खाली उभी रेघ. तिच्या डाव्या-उजव्या अंगाला एकेक तिरपा ठिपका. शेवटी सगळ्याला पेलणारी लांब आडवी रेघ, जमिनीसारखी. वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे, हा नियम एकदा हातात बसला की पुढच्या अक्षरांनाही तोच चालतो. आपण देवनागरीत शिरोरेषा शेवटी ओढतो, येथे पायाची रेषा शेवटी. जुने चिनी कोशकार या अक्षराचा अर्थ असा लावत की खालचा भाग म्हणजे माती आणि दोन ठिपके म्हणजे मातीत दडलेले सोन्याचे कण. वरचा भाग उच्चार सुचवण्यापुरता. आजचे संशोधक यावर वाद घालतात, पण शिकणाऱ्याला हे चित्र पुरते. आमच्या अनुभवात दोन ठिपके विसरणारा मुलगा ‘मातीत सोने’ म्हटल्यावर पुन्हा विसरत नाही.

एका अक्षराचे उच्चार मात्र अनेक. चिनी वळणाचे ‘किन’ आणि ‘कोन’, जपानी वळणाचे ‘काने’ आणि ‘काना’. अर्थही एकच नाही: सोने, धातू आणि पैसा. आदराचा ‘ओ’ लावून ‘ओकाने’ म्हटले की खिशातले पैसे. शिवाय वाराच्या नावात हेच अक्षर येते. शुक्रवार म्हणजे ‘किन्योबी’, सोन्याचा वार, कारण शुक्राच्या ताऱ्याला ते ‘किन्सेई’, धातूचा तारा, म्हणतात. आपला शुक्रवार आणि त्यांचा शुक्रवार एकच पडतो हा योगायोग नाही. सात ग्रहांच्या सात वारांचे गणित अमोघवज्राने आठव्या शतकात चिनी भाषेत उतरवलेल्या ज्योतिषग्रंथातून जपानला गेले, आणि तो ग्रंथ नेणाराही तोच कूकाई. रोजच्या वापरात मात्र हे वार १८७६ पासून आले, मेईजी सरकारने रविवारची सुट्टी लागू केली तेव्हा.

जपानमध्ये सापडलेल्या जुन्यातल्या जुन्या कांजींपैकी पाच तर सोन्यावरच कोरलेल्या आहेत. १७८४ मध्ये फुकुओकाजवळच्या शिकानोशिमा बेटावर शेतात काम चालू असता एक छोटी सोन्याची मुद्रा मिळाली. वजन सुमारे १०८ ग्रॅम, बाजू अडीच सेंटिमीटरहून कमी. इ. स. ५७ मध्ये हान सम्राटाने जपानी बेटांवरच्या एका छोट्या राज्याला दिल्याची नोंद चिनी इतिहासात आहे, तीच ही असे बहुतेक अभ्यासक मानतात. ज्याला ती मिळाली त्या राजाला बहुधा त्यावरचे एक अक्षरही वाचता येत नसावे. कांजी शिकताना रडकुंडीला येणाऱ्या आपल्या मुलांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता सोन्याचा गोतावळा. चिनी अक्षरांची २१४ कुळे मानतात. १७१६ च्या खांग्शी कोशाने ती पक्की केली. एका कुळातल्या अक्षरांत एक खूण सामाईक असते, आपल्या आडनावासारखी. डावीकडे सोने बारीक करून लिहायचे आणि उजवीकडे दुसरा भाग जोडायचा. सोने आणि उजवीकडे ‘सारखा’ या अर्थाचे अक्षर की तांबे. त्याचा उच्चार ‘दो’, तो उजव्या भागाने दिलेला. याच रीतीने चांदी ‘गिन’, लोखंड ‘तेत्सु’, पोलाद ‘को’, सुई ‘हारी’. डावा भाग सांगतो ‘हा धातू आहे’, उजवा बहुधा सांगतो ‘मला असे वाच’. हे कळले की दोन हजारांचा डोंगर बराच खाली येतो. बँकेला ते ‘गिन्को’ म्हणतात, म्हणजे चांदीची पेढी. नाणावटीत वाढलेल्याला हा शब्द एकदा सांगितला की पुरे.

तांब्यापाशी मात्र थांबायला हवे, कारण ते आपल्या गावात आले होते.

डच ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेत वखार घातली ती १६१६-१७ च्या सुमारास. जपानशी तिचा व्यापार १६०९ मध्ये सुरू झाला होता. पोर्तुगीजांना जपानने १६३९ मध्ये हाकलले आणि १६४१ पासून डचांना नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा नावाच्या चिमुकल्या कृत्रिम बेटावर बसवले. पुढची दोनशे वर्षे युरोपीयांपैकी फक्त डचांनाच तेथे व्यापाराची परवानगी होती. सुरुवातीला त्यांनी जपानमधून चांदी नेली. १६६८ मध्ये जपानी सरकारने डचांना चांदी नेण्यास बंदी केली, तेव्हा तांब्याचे महत्त्व वाढले. ते ओसाकात शुद्ध होई. इझुमिया नावाची पेढी त्यात अग्रेसर होती, आज तिला जग सुमितोमो म्हणून ओळखते. निर्यातीचे तांबे वीतभर लांबीच्या कांबींच्या रूपात ओतत, पाण्यात ओतल्याने त्यावर लालबुंद झळाळी येई, आणि कांबी लाकडी पेट्यांत भरत. एका पेटीत सुमारे साठ किलो. या पेट्या बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या वाटेने किंवा इतर ठाण्यांवरून भारतात येत, कोरोमंडलच्या किनाऱ्याला आणि आपल्या सुरतेला.

सुरतेला तांबे का लागे? येथे मोगलांची टांकसाळ होती. रुपया चांदीचा, पण बाजारहाट पैशाचा, आणि पैसा तांब्याचा. सतराव्या शतकात तांबे इतके महागले की औरंगजेबाच्या काळात पैशाचे वजन उतरवावे लागले. अशा बाजारात जपानी तांब्याला गिऱ्हाईक मिळाले यात नवल नाही. काही नाण्यांत गेले, काही तांबटांच्या हातोड्याखाली. आपल्या घरातली घंगाळी, बंब, ताम्हणे यांपैकी कशात कुठले तांबे मुरले हे भांडे बोलून दाखवत नाही. जुने तांबे मोडीत जाते, वितळते आणि पुन्हा घडते. पण देवघरातल्या पळीत शिकोकू बेटावरच्या खाणीचा एखादा कण असेल, असे मनाशी म्हणायला कुणाची आडकाठी नाही.

मराठी वाचकाला सुरत आणि सतरावे शतक म्हटले की शिवाजी महाराजांची स्वारी आठवते, जानेवारी १६६४ ची आणि मग ऑक्टोबर १६७० ची. आपल्या स्मरणिकेत त्यावर अनेकदा लिहून झाले आहे. येथे एवढेच सांगायचे की १६६४ मध्ये इंग्रज आणि डच आपापल्या वखारी धरून बसले आणि त्या वाचल्या. महाराज ज्या सुरतेच्या वेशीवर उभे होते ती अशी, नागासाकीपासून आम्सटरडॅमपर्यंत धागे गुंतलेली पेठ होती. म्हणूनच तिच्यावर नजर गेली.

कतारगाम दरवाजाकडे गेलात तर डचांचे कबरस्तान पाहा. त्यातली सर्वांत मोठी इमारत हेंड्रिक ॲड्रियान व्हान रेडे याची. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा प्रचंड ग्रंथ ज्याच्या पुढाकाराने झाला तो हा माणूस. कंपनीच्या ठाण्यांतला भ्रष्टाचार तपासायला निघाला होता, सुरतेला येता येता डिसेंबर १६९१ मध्ये जहाजावरच वारला. त्याच १६९१ साली तिकडे शिकोकू बेटावर सुमितोमोंनी बेश्शीची तांब्याची खाण सुरू केली. ती १९७३ पर्यंत, म्हणजे २८० पेक्षा जास्त वर्षे चालली. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. आम्हाला मात्र ते साल एकत्र लक्षात राहते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडचे तांबे स्वस्त झाले, डचांचा जोर ओसरला आणि नागासाकीच्या पेट्या यायच्या थांबल्या.

आता सूत. अक्षर सहा रेघांचे, उच्चार ‘इतो’ किंवा ‘शि’. आधी डावीकडे खाली जाऊन उजवीकडे वळणारी रेघ, त्याखाली तशीच दुसरी वळणदार रेघ, तिच्या टोकाला एक ठिपका. मग मधोमध उभी रेघ, आणि खाली डाव्या-उजव्या बाजूला दोन ठिपके. जुन्या काळी हे पीळ दिलेल्या रेशमाच्या लडीचे चित्र होते. वरच्या दोन वळणांत लडीचे दोन पीळ आणि खालच्या तीन रेघांत सुटलेली टोके अजून दिसतात. ज्याने मागावर किंवा रहाटावर सूत पाहिले आहे त्याला हे अक्षर वाचायला शिक्षक लागत नाही. परीक्षेच्या पुस्तकांत ते जरा उशिरा येते. सुरतेत तो क्रम बदलावा.

सुताचा गोतावळा सोन्याहून मोठा आहे. रेशीम, कापूस, विणणे, शिवणीचा धागा, किरमिजी रंग, रेघ, सगळ्यांच्या डाव्या अंगाला सूत. कागदाच्या अक्षरातही सूतच आहे, कारण चीनमध्ये कागदाच्या आधी रेशमी कापडावर लिहीत.

आणि आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप. सोने आणि सूत शेजारी शेजारी लिहा. ‘किन्शि’. सोन्याचे सूत. म्हणजे जर!

पहिल्या इयत्तेची दोन अक्षरे, चौदा रेघा, आणि आपल्या गावाचा धंदा लिहून झाला. सुरतेची जर म्हणजे चांदीची तार जंतरातून ओढत ओढत केसासारखी करायची, चपटी करून बादला करायचा, तो रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायचा आणि वर सोन्याचे पाणी चढवायचे. पुढे चांदी परवडेना तेव्हा आत तांब्याची तार आली, तिच्यावर चांदी आणि सोन्याचा मुलामा. आता तर चमकणारी प्लॅस्टिकची पट्टीही ‘जरी’ म्हणूनच विकली जाते. राणा समाजाने हा कसब पिढ्यान् पिढ्या सांभाळला आणि जरीवाला हे आडनाव याच गल्ल्यांतून निघाले. येवल्याच्या पैठणीच्या पदरावर जी जर चमकते ती सुरतेहून जाते. आपल्यापैकी किती जणींच्या लग्नाच्या शालूचा काठ माहेरच्या गावी विणला आणि सासरच्या गावी ओढलेल्या तारेने उजळला असेल! चांदी, तांबे, सोने, रेशीम, जरीत लागणारी ही चारही नावे जपानीत लिहा: पहिल्या तीन अक्षरांत सोने आहे, चौथ्यात सूत.

जपान्यांचे किन्शि मात्र वेगळ्या रीतीचे. ते तार ओढत नाहीत. हातकागदावर लाखेसारख्या चिकाने सोन्याचा वर्ख चिकटवतात, कागद बारीक बारीक पट्ट्यांत कापतात आणि त्या पट्ट्या सपाटच विणतात किंवा रेशमावर गुंडाळतात. क्योतोच्या निशिजिन भागातल्या भरजरी कापडांत हेच असते. त्यामुळे त्यांची जर हलकी आणि आपली वजनदार. जुनी जर मोडून आपण चांदी काढतो. त्यांच्याकडे जाळून हाती राख आणि वर्खाचा चुरा येईल. यात आमचा पक्षपात सुरतेकडे आहे हे सांगायला नकोच.

हा सगळा वर्ख बनतो कुठे? जपानमधला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख कानाझावा या एका शहरात ठोकला जातो. गावाचे नावच सोन्याच्या अक्षराने सुरू होते. ‘काना’ म्हणजे सोने, ‘सावा’ म्हणजे पाणथळ जागा. कंद खणणाऱ्या एका शेतकऱ्याने कंद धुता धुता झऱ्यात सोन्याचे कण पाहिले अशी दंतकथा आहे. त्याच कानाझावात १९०९ मध्ये त्सुदाकोमा हा माग बनवणारा कारखाना सुरू झाला. सुरतेच्या वॉटरजेट कारखान्यांत काम केलेल्यांना हे नाव नवे नाही. आता स्वस्त चिनी माग पुष्कळ आले, पण जुने जाणते मास्तर त्सुदाकोमाच्या मागाची गोष्ट अजून अदबीने काढतात.

जपानी बाजारपेठेतच या दोन अक्षरांवरून दोन शब्द रूढ आहेत. अक्षराच्या डाव्या भागाला ‘हेन’ म्हणतात. ‘इतोहेन’, सुताचे कूळ, म्हणजे कापडधंदा. ‘कानेहेन’, सोन्याचे कूळ, म्हणजे धातूंचा धंदा. जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध सुरू झाले, अमेरिकी फौजांच्या मागण्या जपानवर कोसळल्या आणि तेजी आली. तिला लोक ‘इतोहेनची तेजी’, ‘कानेहेनची तेजी’ म्हणू लागले. कापडवाल्यांचा तर ‘गाचामान’ असा आणखी एक शब्द होता. ‘गाचा’ म्हणजे मागाची एक खटखट, ‘मान’ म्हणजे दहा हजार. एक खट झाली की दहा हजार येन! पांडेसऱ्यात किंवा उधन्यात रात्रपाळी केलेल्या आपल्या माणसांना मागाची खट ठाऊक आहे. त्यातले दहा हजार कुणाच्या खिशात जातात हेही ठाऊक आहे.

युद्धाआधीही जपानी सूत सुरतेत होते. १९३० च्या दशकात जपान कृत्रिम रेशमाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांत गणला जाई. ते सूत आणि कापड मुंबईमार्गे येथे येई आणि जर व हातमागाच्या रेशमावर जगणाऱ्या सुरतेने ‘आर्ट सिल्क’ची वाट धरली. स्वदेशीच्या गावात परदेशी सूत, यावर त्या वेळी कुरबूर झाली, आणि ती रास्तही होती. पण त्याच सुताने शहराच्या यंत्रमागांचा पाया घातला. जपानीत कृत्रिम रेशमाला ‘जिन्केन’ म्हणतात, ‘माणूस’ आणि ‘रेशीम’. माणसाने केलेले रेशीम. ‘माणूस’ हे अक्षर दोनच रेघांचे, सोन्याच्या छपरासारखे.

सुतातून सोन्यात गेलेला सर्वांत प्रसिद्ध कारखाना आपल्या रस्त्यांवर रोज दिसतो. साकिची तोयोदा यांनी १९२४ मध्ये स्वयंचलित माग पूर्ण केला, १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला देण्याचा करार झाला आणि मुलगा मोटारींच्या मागे लागला. १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी झाली. ‘तोयोदा’चे ‘टोयोटा’ करताना ध्वनिलिपीत आठ रेघा होतात, आणि आठ हा आकडा तेथे शुभ, हेही एक कारण होते. सोन्याच्याही रेघा आठच.

आता आगगाडी, कारण आपल्या मुलांच्या मनात मुख्य तीच आहे. १४ सप्टेंबर २०१७ रोजी साबरमतीला मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची पायाभरणी झाली. ५०८ किलोमीटरच्या या मार्गावरचे सुरतेचे स्थानक अंत्रोलीला आहे. जपानी पद्धतीने रूळ घालण्याचे प्रशिक्षण आपल्याकडच्या इंजिनीयर-तंत्रज्ञांना सुरत डेपोतच दिले गेले. रेल्वेला जपानीत ‘तेत्सुदो’ म्हणतात, ‘लोखंड’ आणि ‘वाट’. आपला ‘लोहमार्ग’ हुबेहूब. लोखंडाच्या अक्षरात डावीकडे सोने आणि उजवीकडे ‘हरवणे’. म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे येते ‘पैसा बुडाला’! १९८७ मध्ये जपानची सरकारी रेल्वे मोडून खासगी कंपन्या झाल्या, तेव्हा त्या कंपन्यांनी आपल्या नावाच्या बोधचिन्हात ‘हरवणे’ऐवजी त्याच्यासारखेच दिसणारे ‘बाण’ हे अक्षर घातले. एका शिकोकूच्या कंपनीने तेवढे जुनेच ठेवले. पेढीच्या पाटीवर ‘लाभ-शुभ’ लिहिणाऱ्या गावाला ही काळजी परकी वाटू नये. आणि ‘शिन्कान्सेन’, नवा मुख्य मार्ग, यातला शेवटचा ‘सेन’ म्हणजे रेषा. तिच्या डाव्या अंगाला सूत.

हे सगळे आम्ही मुलांना सांगतो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘परीक्षेत येईल का?’ येणार नाही. परंतु शंभर अक्षरे कोरडी घोकून परीक्षेनंतर विसरलेली मुलेही आमच्या पाहण्यात आहेत. परक्या कारखान्यात ‘विजेचा धोका’, ‘हात घालू नका’ अशा पाट्या वाचता येणे हा पगाराचा नव्हे, बोटांचा प्रश्न असतो. तेथे पाठांतर फार काळ साथ देत नाही.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. जपानी अक्षरे गिरवणाऱ्या या मुलांपैकी बरीच जण ही स्मरणिका वाचू शकत नाहीत. घरी मराठी बोलतात, शाळा गुजराती किंवा इंग्रजी, त्यामुळे शिरोरेषा नसलेली अक्षरे त्यांना सवयीची. सुरत महानगरपालिकेच्या शाळा सात माध्यमांतून चालतात आणि त्यांत मराठी आहे, पण आपल्यातल्या किती घरांनी ती निवडली हे ज्याचे त्याला माहीत. आमच्याच पिढीचे काय वेगळे झाले? आजोबांच्या ट्रंकेत मोडीतले कागद आहेत, हिशेब, पत्रे, एखादे खरेदीखत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत मोडी शिकवत असत. आमच्या वडिलांना ती थोडी येई, आम्हाला येत नाही. त्या कागदांत काय आहे ते घरात कुणालाच सांगता येत नाही. जपानी मूल सहा वर्षांत हजार अक्षरे शिकते. आपल्या पोरांना पन्नास शिकवायला आपण वेळ काढला नाही. यंदा मंडळाच्या खोलीत रविवारी सकाळी तासभर बसायचे ठरते आहे. अर्धा तास देवनागरी, अर्धा तास कांजी, आणि मोडी वाचणारे कुणी मिळाले तर ट्रंकेतले कागदही. ज्यांना जमेल त्यांनी यावे. पाटी-पेन्सिल आम्ही आणू.

पहिल्या रविवारी सोने, दुसऱ्या रविवारी सूत. तिसऱ्या रविवारी काय, यावर चर्चा झाली तेव्हा वराछ्यात हिऱ्याच्या कारखान्यात पंचवीस वर्षे घालवलेल्या आपल्यातल्या एका काकांनी विचारले, हिऱ्याला काय म्हणतात? रोजच्या बोलण्यात ते इंग्रजीवरून ‘दाइया’ म्हणतात. जुना शब्द मात्र आहे ‘कोन्गोसेकी’, तीन अक्षरांचा. शेवटचे ‘दगड’, पाच रेघांचे, पहिल्याच इयत्तेतले. मधले ‘कठीण’. आणि पहिले? तेच आठ रेघांचे सोने, येथे ‘कोन’ असे वाचलेले. पहिली दोन मिळून ‘कोन्गो’ होते, आणि ते संस्कृतातल्या ‘वज्र’ या शब्दाचे बौद्ध पंडितांनी केलेले भाषांतर आहे.